पडण्याचे शिक्षण आणि वैद्य

आपल्या त्रैमासिकात सिद्ध तेले, गुग्गुळकल्प आणि अस्थिसंधानीय योग यांवर नियमाने लेखन होते. अभिघातानंतर काय करावे, याविषयी आपणांपैकी प्रत्येकाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे. रुग्ण पडूच नये, वा पडलाच तर इजा कमी व्हावी, यासाठी वैद्याने काय करावे, हा विषय मात्र क्वचितच निघतो. चाळिशी ओलांडल्यावर आम्ही आयकिडो ही जपानी युद्धकला शिकू लागलो, तेव्हापासून हा प्रश्न आमचा पिच्छा सोडीत नाही.

मोरिहेइ उएशिबा (१८८३-१९६९) यांनी घडविलेल्या या कलेत सहसा स्पर्धा नसतात. एक जण हल्ला करतो, दुसरा त्याच्याच वेगाचा उपयोग करून त्याचा तोल घालवितो, आणि मग भूमिका बदलतात. त्यामुळे प्रत्येकास पाडण्याइतकेच पडावेही लागते. पहिले काही महिने आम्हांस मुख्यतः पडण्याचेच धडे मिळाले. हनुवटी छातीशी, पाठ गोल, आणि लोळण एका खांद्यापासून तिरकी विरुद्ध बाजूच्या कटीपर्यंत. तळहात टेकून स्वतःस सावरण्याची उपजत सवय सर्वांत उशिरा सुटते, आणि मनगट मोडते ते बहुधा तिच्याचमुळे. लोणावळ्याच्या पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून घसरलेली पन्नाशीपुढील गृहिणी हात गळ्यात बांधून येते, तेव्हा ती कशी पडली असेल हे आता आम्हांस विचारावे लागत नाही.

मर्मशारीराचेही तसेच. सुश्रुताने १०७ मर्मे सांगितली; त्यांत मणिबंध हे रुजाकर संधिमर्म. परीक्षेसाठी हे आम्ही पाठ केले होते. सहाध्यायाने मनगट पिरगाळून गुडघ्यांवर बसविले, त्या दिवशी रुजाकर या शब्दाचा अर्थ कळला. (मर्मविद्या भारतातूनच जपानला गेली, असे काही मित्र छातीठोकपणे सांगतात. त्यास पुरावा आम्ही पाहिलेला नाही, आणि त्यावाचून आपल्या शास्त्राचे काही अडतही नाही.) बलार्धाचेही असेच म्हणता येईल. कपाळावर, नाकावर व सांध्यांवर घाम येणे आणि तोंडास कोरड पडणे ही अर्धशक्तीची लक्षणे स्वतःच्या देहावर अनुभवल्यावर, पोलीस भरतीसाठी पहाटे ऊर फुटेस्तोवर धावणाऱ्या मावळातील मुलास कोठे थांबावे हे अधिक नेमके सांगता येते.

आपल्याकडे वैद्यक आणि व्यायामशाळा ही दोन घरे नव्हती. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न माणिकराव हे व्यायामाचार्य तसेच अस्थिसंधानातही निष्णात होते. १९०७ ते १९१० या काळात त्यांच्यापाशी शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे म्हणजेच स्वामी कुवलयानंद. त्यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापिले आणि योगक्रियांची प्रयोगशाळेत परीक्षा आरंभिली. त्यांचाही जन्म १८८३ चाच, हा केवळ योगायोग. परंतु ज्या गावी आखाड्यातून आलेल्या पुरुषाने संशोधन उभारले, त्याच तालुक्यात आम्ही वैद्य व्यायामाविषयी केवळ पुस्तकावरून सल्ला देतो, हे आम्हांस खटकते. तालमीच्या हौद्यातील मातीत हळद, लिंबू, ताक व तेल मिसळतात हे आपणांस ठाऊक असते. त्या मातीस पाठ लागलेले वैद्य आज किती निघतील?

येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. अस्थिक्षय असलेल्या वृद्धास लोळण शिकविणे हा अविचार होय. त्यास खुर्चीवरून हात न टेकता उठणे, आधाराजवळ एका पायावर उभे राहणे, जमिनीवरून सावकाश उठणे एवढेच शिकवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात; ताई ची या संथ चिनी व्यायामाने वृद्धांचे पडणे कमी होते, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. लोळण शिकवायची ती तरुणांना व निरोगी प्रौढांना, तीही जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली.

औषधी दुकानांचे मालक थट्टेने विचारतात, माणसे पडेनाशी झाली तर आमच्या तेलांचे काय? दिनचर्येत अभ्यंग व्यायामापूर्वी सांगितला आहे. तेलाची बाटली हाड मोडल्यानंतर घरी जाण्याऐवजी आधीच जावी, इतकाच फरक.

आमची सूचना साधी आहे. मावळातील सभासदांनी पावसाळ्यापूर्वी एका रविवारी सकाळी दोन तास एकत्र यावे. व्याख्यान नको, सत्कारही नको. जागा, जाड सतरंज्या आणि एक अनुभवी शिक्षक यांची व्यवस्था आम्ही करू. सभासदांनी सैल कपडे घालून व रिकाम्या पोटी यावे. ज्यांस मानेचा वा कंबरेचा विकार आहे त्यांनी तसे आधी कळवावे.