आधी विजय, मग वनवास

दिवाळी आली की वनवास भोगून घरी परतलेल्या रामाची आठवण आपल्याकडे हटकून निघते. आधी वनवास, मग विजय आणि शेवटी घरच्यांनी लावलेले दिवे, हा क्रम आपल्या अंगवळणी पडलेला आहे. पण वाचकहो, ज्यांच्या नशिबी हा क्रम नेमका उलटा आला, अशा काही झेक शिपायांची हकिगत यंदा सांगावीशी वाटते.

१९३८ च्या सप्टेंबरात म्युनिकला चार बड्या राष्ट्रांचे पुढारी जमले आणि झेकोस्लोवाकियाचा सरहद्दीचा मुलूख त्यांनी हिटलरच्या पदरात टाकला. ज्यांचे घर वाटून दिले, त्यांना बैठकीत बसूही दिले नाही. १५ मार्च १९३९ रोजी जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. झेक सैन्याजवळ तोफा होत्या, विमाने होती, मजबूत तटबंदी होती. पण हुकूम आला तो लढू नका असा! शिपायाला याहून मोठी शिक्षा कोणती?

अनेकांना ती सोसवेना. लपतछपत सरहद्द ओलांडून ते पोलंडमध्ये गेले, तिथून फ्रान्सला आणि फ्रान्स पडल्यावर इंग्लंडला. झेकोस्लोवाकियाचे सुमारे २,५०० लोक ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले. त्यांतले सुमारे ५०० परत आलेच नाहीत.

न परतलेल्यांत योसेफ फ्रांतिशेक होता. मोरावियातल्या एका खेड्यातला हा गडी जन्माने झेक, पण लढला पोलिश वैमानिकांच्या ३०३ क्रमांकाच्या तुकडीतून. शिस्तीशी त्याचे कधी जमले नाही. तुकडीची रांग सोडून तो एकटाच शिकारीला निघून जाई. वरिष्ठ वैतागले, पण असा माणूस घालवायचा कसा? शेवटी त्यांनी शक्कल काढली आणि त्याला तुकडीचा ‘पाहुणा’ ठरवून टाकले. पाहुण्याला कोण रागावणार? या पाहुण्याने १९४० च्या एका सप्टेंबर महिन्यात शत्रूची १७ विमाने पाडली. ८ ऑक्टोबरला लंडनजवळ त्याचे विमान कोसळले आणि तो गेला. वयाची २६ वर्षे पुरी होऊन एकच दिवस झाला होता.

परतलेल्यांत फ्रांतिशेक फायट्ल होता. पहिल्याचे जे आडनाव, तेच याचे नाव. दैव मात्र निराळे. १९४२ च्या मे महिन्यात फ्रान्सवर त्याचे विमान पडले. शत्रूने व्यापलेल्या त्या देशातून वाट काढीत, पिरेनीज पर्वत ओलांडून, स्पेनमध्ये कैद भोगून हा पठ्ठ्या पुन्हा इंग्लंडला हजर! १९४४ मध्ये तो रशियाला गेला आणि त्या सप्टेंबरात आपली लढाऊ तुकडी घेऊन स्लोवाकियातल्या उठावाच्या मदतीला थेट जर्मन आघाडीच्या पिछाडीस उतरला. म्हणजे पश्चिमेकडूनही लढला आणि पूर्वेकडूनही.

१३ ऑगस्ट १९४५ रोजी इंग्लंडमधल्या झेक तुकड्यांची विमाने प्रागला उतरली. लोकांनी जल्लोष केला. वनवास संपला असेच सर्वांना वाटले. पण १९४८ च्या फेब्रुवारीत कम्युनिस्टांनी सत्ता काबीज केली आणि वारे फिरले. पश्चिमेत राहून आलेला माणूस संशयित ठरला. काल छातीवर मिरवलेली पदके आज आरोपपत्रासारखी भासू लागली. कित्येकांनी पुन्हा देश सोडला, पुन्हा तेच इंग्लंड गाठले. फायट्ल घरीच राहिला. त्याला सैन्यातून काढले, १९५० च्या जानेवारीत खटल्याशिवाय मीरोवच्या तुरुंगात डांबले आणि सतरा महिने तिथेच ठेवले. रशियाच्या बाजूने लढल्याचे पुण्यही कामी आले नाही.

जनरल हेलिओडोर पीका यांच्या वाट्याला तर याहून वाईट आले. पहिल्या महायुद्धात ते झेक स्वयंसेवकांच्या दलातून लढले. दुसऱ्या महायुद्धात मॉस्कोमध्ये झेकोस्लोवाकियाच्या लष्करी शिष्टमंडळाचे प्रमुख होते. आसऱ्यासाठी रशियात गेलेले त्यांचे अनेक देशबांधव तिथल्या श्रमछावण्यांत अडकून पडले होते. त्यांच्या सुटकेसाठी पीकांनी खटपट केली. साहजिकच त्यांना फार काही ठाऊक झाले होते! इंग्रजांसाठी हेरगिरी केली या खोट्या आरोपावरून त्यांना २१ जून १९४९ रोजी प्लझेनच्या तुरुंगात फाशी दिले. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय? १९६८ च्या डिसेंबरात न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. एकोणीस वर्षे उलटून गेली होती. रद्द झाली ती शिक्षा. गेलेला माणूस थोडाच परत येतो?

फायट्ल मात्र सारे पाहायला जगला. १९८९ मध्ये ती राजवट कोसळली, त्याचा मान त्याला परत मिळाला, तो जनरल झाला आणि २००६ मध्ये ९४ वर्षांचा होऊन वारला. अशा वैमानिकांवर ‘गर्द निळे जग’ अशा अर्थाच्या नावाचा झेक चित्रपट २००१ मध्ये निघाला. २०१४ मध्ये प्रागला पंखवाल्या सिंहाचे स्मारक उभे राहिले. गंमत पाहा, ते त्या शहरात राहणाऱ्या इंग्रजांनी भेट दिले!

शत्रूच्या गोळीची शिपायाला भीती नसते. तो हिशेब त्याने घर सोडतानाच मांडलेला असतो. पण घरच्यांनीच दार लावून घेतले तर काय करायचे, हे त्याला कोणत्याही कवायतीत शिकवलेले नसते. धारातीर्थी पडलेल्यांच्या नावाने आपण दिवे लावतो, ते योग्यच आहे. पण जो जिवंत परत आला, त्याच्याही उंबऱ्याशी एक पणती असावी, आणि ती वेळेवर लागावी. चाळीस वर्षांनी लावलेल्या दिव्याचा उजेड पाहायला सगळेच काही फायट्लसारखे चिवट नसतात.