नवशिक्याने कोणते लिनक्स घ्यावे?

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला, आणि विंडोज ११ जुन्या यंत्रांवर सहसा चढत नाही. तेव्हापासून आपल्या वर्गात लिनक्सची चर्चा वाढली आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. संगणकही पहिलाच, एका कचेरीतून निघालेला, ४ जीबी रॅमचा. तेव्हा लिनक्स ही आमच्यासारख्यांची हौस नव्हे, गरज आहे.

परंतु लिनक्स म्हणजे एकच वस्तू नव्हे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीत शिकत असताना लिहिला तो केवळ गाभा. त्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी आपापले संसार मांडले. डेबियन १९९३ चे, उबुंटू २००४ चे, मिंट २००६ चे. असे डिस्ट्रो शेकड्यांनी आहेत, आणि नवशिक्या गोंधळतो तो इथेच.

अशा वेळी जाणकार मित्र सांगतात, "आर्च घे, तरच खरे लिनक्स शिकशील." या सल्ल्याला माझा विरोध आहे. आर्च वाईट आहे असे मुळीच नव्हे. पण त्यात बरेचसे आपल्याच हातांनी जुळवावे लागते आणि नवे बदल अखंड उतरवून घ्यावे लागतात. ज्याच्याकडे दोन यंत्रे आहेत त्याने एक खुशाल मोडून पाहावे. ज्या घरी एकाच संगणकावर भावाचा अभ्यास, वडिलांचे पीकविम्याचे अर्ज आणि आपला निबंध चालतो, तिथे 'मोडून शीक' हा उपदेश पोट भरलेल्याचा वाटतो. शिवाय डेटा मोबाईलच्या रोजच्या रिचार्जमधूनच काढायचा असतो!

माझे मत मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीला. ती जुन्या यंत्रावर हलकी चालते. उबुंटूच्या पायावर उभी असल्याने उबुंटूवरचे बहुतेक तोडगे तिलाही लागू पडतात. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षेची डागडुजी मिळणार आहे. तोवर माझे एम.ए.सुद्धा उरकेल.

अर्थात माझ्या सांगण्यावरूनही कुणी एकदम घालू नये. पेनड्राइव्हवरून आधी चालवून पाहता येते, संगणकातल्या मजकुराला धक्का लागत नाही. मात्र पडद्याचे रंग पाहण्यात वेळ दवडू नये. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का हे पाहावे. आणि मराठीच्या विद्यार्थ्याने इनस्क्रिप्ट कळफलक लावून 'दुसऱ्या' हा शब्द टंकावा. त्यातला र नीट उमटला तर पुढचे पाहू.

एक अडचण मात्र खरी. युनिकोडपूर्व टंकांत मजकूर मागणारे छापखाने अद्याप आहेत, आणि त्या टंकांची साधने बहुधा विंडोजवरच चालतात. तिथे लिनक्सवाल्याला दुसऱ्याच्या दारी जावे लागते.

आपल्या संगणक कक्षात निदान दोन यंत्रांवर मिंट घालून ठेवावे, अशी प्राध्यापकवर्गास विनंती आहे. घरी विचारायला कुणी नसलेल्यांना शेजारी बसलेल्याला विचारता येईल.