हसवूनही पडलेला विदूषक

जब्बार पटेल यांचा ‘एक होता विदूषक’ १९९२ साली आला आणि पडला. त्याचं कारण आजही एका दमात सांगितलं जातं: गंभीर लक्ष्या लोकांना पचला नाही. पडलेल्या चित्रपटांविषयी या सदरात लिहिताना हे कारण मला वारंवार ऐकावं लागतं आणि ते पटत नाही.

कारण आबुरावच्या भूमिकेत लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, पोट धरून हसायला लावतात. तमाशाच्या बोर्डावर हा सोंगाड्या उभा राहिला की बतावणीतली त्याची हजरजबाबी, शब्द नेमका कधी टाकायचा याची जाण बघत राहावी. ‘धूमधडाका’, ‘अशी ही बनवाबनवी’ मलाही पाठ आहेत. तरी विनोदी नट म्हणून बेर्डे मला इथे अधिक मोठे वाटतात.

अडलं ते हसण्याच्या जातीपाशी. सोंगाड्याचं हसवणं पाटलाला, पुढाऱ्याला भर बारीत चिमटा काढतं. चित्रपटाचे पटकथाकार पुलं; त्यांनी ‘पुढारी पाहिजे’ लिहिलं होतं, ‘तीन पैशाचा तमाशा’ही, दुसरं जब्बारांनीच बसवलं होतं. ही जात दोघांच्या ओळखीची. या चित्रपटाच्या पटकथेत पुलं हेच हसू आधी सिनेमाच्या आणि मग राजकारणाच्या दावणीला बांधलं जाताना दाखवतात. अखेर आबुरावसमोर उभी राहते ती हसू हरवलेली त्याची मुलगी, जाई. तिथे बेर्डे काय करतात, ते शब्दांत सांगण्यासारखं नाही.

नावात विदूषक, लेखक पुलं, नायक लक्ष्या. तिकीट काढणाऱ्याने दोन घटका करमणुकीची अपेक्षा धरली, तर त्याला दोष कसा देणार? दोष द्यायचा तर निर्मात्यांच्या नंतरच्या शहाणपणाला. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांना नृत्यदिग्दर्शनाचा मिळाला. पण व्यवसायाने धडा घेतला तो गल्ल्याकडे बघून. बेर्डे पुन्हा जुन्याच साच्यातले विनोदी चित्रपट करत राहिले. डिसेंबर २००४मध्ये ते गेले. या ताकदीची भूमिका त्यांना पडद्यावर पुन्हा मिळाली नाही. मराठी चित्रपटाचं हे नुकसान त्या एका चित्रपटाच्या अपयशापेक्षा मोठं आहे.

निर्मिती एनएफडीसीची होती. त्यांनी हा चित्रपट चांगल्या प्रतीतून महाराष्ट्रातल्या थिएटरांत पुन्हा लावावा. ज्यांनी तेव्हा पाठ फिरवली, त्यांनी घरातल्या तरुणांना घेऊन तो बघायला जावं.