विश्लेषण : वारली चित्रांचा अर्थ कोणी सांगायचा? युक्रेनच्या वादाचा पालघरशी काय संबंध?

वारली चित्रे आज साडीच्या पदरापासून मोबाइलच्या कव्हरपर्यंत कुठेही दिसतात. त्यांचा अर्थ मात्र बाहेरच्यांना बहुतेकदा वारली सोडून इतरांनीच सांगितला. आपली ओळख दुसऱ्याने करून द्यावी का, हाच प्रश्न युक्रेनचे अभ्यासक जगापुढे मांडत आहेत.

युक्रेनचे म्हणणे काय?

रशियाने केवळ राज्य केले नाही, तर जगाला युक्रेनची ओळखही स्वतःच्या शब्दांत करून दिली, हा या विचाराचा गाभा. १८६३ चे वालुएव्ह परिपत्रक आणि १८७६ चे एम्स फर्मान यांनी युक्रेनी भाषेतील प्रकाशनांवर कडक निर्बंध घातले. इव्हान झ्यूबा यांनी १९६५ मध्ये सोव्हिएत काळातील रशियीकरणावर ग्रंथ लिहिला. २०२३ मध्ये रशियन साम्राज्याच्या खुणा असलेली स्थळनावे बदलण्याचा कायदा झाला. युक्रेनमध्ये जन्मलेला गोगोल मराठी वाचकाला आजही ‘रशियन लेखक’ म्हणूनच ठाऊक आहे.

वारली चित्रांचे काय झाले?

लग्नघरातील भिंतीवर ‘चौक’ काढण्याचे काम परंपरेने सवाशिणींचे. त्यात मधोमध पालघट देवी असते आणि चौकाशिवाय लग्नविधी पुरा होत नाही. १९७० च्या दशकात ही कला भिंतीवरून कागदावर आली. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेची भौगोलिक मानांकनात नोंद झाली. मानांकनाने नावाला संरक्षण मिळते, अर्थाला नाही. बाजारात पोहोचेपर्यंत चौकाची नक्षी झाली आणि तो काढणाऱ्या बायका मागे पडल्या.

मुद्दा फक्त कलेचा आहे का?

नाही. १९४५ मध्ये वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध उठाव केला. कर्ज काढून लग्न केले की जोडप्याला सावकाराकडे राबावे लागे, ती ही पद्धत. हा लढा मराठी वाचकांना कळला तो मुख्यतः गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकातून. त्या लढ्यात सोबत होत्या, तरी लेखणी वारल्यांच्या हाती नव्हती. पुढे तारापूरला १९६९ मध्ये अणुवीज केंद्र सुरू झाले, बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. केंद्राच्या विस्तारात अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली, ती मच्छीमारांचा विरोध असताना. प्रत्येक वेळी ‘विकासा’ची व्याख्या बाहेरून आली.

तुलना किती खरी?

मर्यादितच. युक्रेन हा सार्वभौम देश आक्रमणाशी लढतो आहे. वारली भारताचे नागरिक आहेत. पाचवी अनुसूची आणि १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला अधिकार देतात. शिवाय येथे ‘बाहेरची’ भाषा रशियन नाही, मराठी आहे. शाळा, कचेरी आणि वर्तमानपत्र मराठीत. घरात वारली बोली. त्यामुळे हा प्रश्न मराठी वाचकालाही लागू होतो.

पुढे काय?

चौक काढणाऱ्या आणि लग्नगीते गाणाऱ्या धवलेरींचे म्हणणे त्यांच्याच बोलीत नोंदवले जावे आणि भाषांतर त्यानंतर व्हावे. प्रकल्पाची कागदपत्रे ग्रामसभेला कळतील अशा भाषेत आधी मिळावीत, संमती नंतर मागावी. क्रम एवढा बदलला, तरी बरेच बदलेल.