गाभाऱ्यातील अंधार आणि ॲनिमेशनपट

वास्तूचा अवकाश दाखवावयाचा तर तिचे सर्व तपशील उजेडात आणले पाहिजेत, हा रूढ समज तपासून पाहण्याजोगा आहे. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात बांधावयास घेतलेले त्र्यंबकेश्वराचे काळ्या पाषाणातील मंदिर या समजाला छेद देते. प्रांगणातील ऊन, सभामंडपातील मंद उजेड आणि गाभाऱ्यातील काळोख या क्रमानेच तेथील अंतर जाणवते. सर्वत्र सारखा प्रकाश पाडल्यास भिंती दिसतील. गहनता मात्र हरपेल.

कॅमेऱ्याला प्रकाशावाचून गत्यंतर नसते. ॲनिमेशनपटाचा आरंभ मात्र संपूर्ण काळ्या चौकटीतूनही करता येतो. तीत समईची एक ज्योत रेखाटली की खांबाची एकच कड उजळते आणि उरलेला मंडप प्रेक्षक मनाने रचतो. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात निर्जीव काड्यांना एकेका चौकटीने गती देऊन या माध्यमाची वाट मराठी भूमीत उघडली. आज संगणकावर मंदिरांच्या प्रतिकृती घडविताना कानाकोपरा उजळण्याचा मोह बळावतो आणि गाभाऱ्याचे गाभारापणच लोपते. म्हणून अशा कृतींची समीक्षा करताना त्यांनी अंधार कोठे आणि कशासाठी राखला आहे, हे प्रथम पाहावयास हवे.