विश्लेषण : एक अर्ज, दोन फ्रेमवर्क, भरलेली माहिती हरवते कुठे?

लांबलचक ऑनलाइन अर्ज भरून झाला, 'पुढे' दाबले आणि पडद्यावर ओळ उमटली : 'तुमचे सेशन संपले आहे'. फोनवरून अर्ज भरणाऱ्या अनेकांना हा अनुभव आलेला असतो. मदत केंद्राचे उत्तरही ठरलेले : नेट तपासा, दुसरा ब्राउझर वापरून पाहा. मात्र दोष दर वेळी नेटचा किंवा फोनचा नसतो. जुन्या जावा प्रणालीवर नवे फ्रेमवर्क चढवताना माहिती सांभाळायची कोणी, हे ठरवलेलेच नसेल, तरीही हेच घडते.

सर्व्हर लक्षात कसे ठेवतो?

वेबचा एचटीटीपी हा नियमसंच मुळात विसराळू आहे. त्याच्या दृष्टीने प्रत्येक विनंती नवी असते. त्यावर उपाय म्हणून १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी कुकी आणली. जावा सर्व्हर सहसा 'जेसेशनआयडी' नावाच्या कुकीत ओळखक्रमांक देतो आणि त्या क्रमांकाची माहिती स्वतःकडे 'सेशन'मध्ये ठेवतो. टॉमकॅट या सर्व्हरमध्ये वेगळी सूचना नसेल, तर ३० मिनिटे हालचाल न झाल्यास सेशन संपते. कोण कुठल्या पायरीवर आहे, त्याने काय भरले, या नोंदीला 'स्टेट' म्हणतात.

दोन फ्रेमवर्कमध्ये फरक काय?

क्रेग मॅक्लॅनहन यांनी तयार केलेले स्ट्रट्स २००० मध्ये अपाची संस्थेकडे आले. पुढे जावासर्व्हर फेसेस, म्हणजे जेएसएफ, या मानकाच्या प्रमुखांमध्येही तेच होते. जेएसएफची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली. मात्र दोघांची स्टेट सांभाळण्याची रीत वेगळी आहे. स्ट्रट्सची पहिली पिढी अर्जातील मजकूर 'ॲक्शनफॉर्म'मध्ये ठेवते आणि वेगळे सांगितले नाही, तर तो सेशनमध्ये राहतो. जेएसएफ पानावरील रकाने, बटणे यांचा संपूर्ण आराखडाच जपते. अर्ज परत आला की पानातील 'व्ह्यूस्टेट' या छुप्या रकान्यावरून तो आराखडा पुन्हा उभा करते.

बिघाड नेमका कुठे होतो?

स्ट्रट्सच्या पहिल्या पिढीचा अधिकृत पाठिंबा २०१३ मध्ये थांबला. पण मोठी प्रणाली एका रात्रीत बदलता येत नाही. मग जुनी पाने स्ट्रट्समध्ये आणि नवी जेएसएफमध्ये, असा संसार सुरू होतो. त्यात चार प्रकारचे बिघाड दिसतात.

पहिला : स्ट्रट्सची क्रिया 'फेसेससर्व्हलेट'ला वळसा घालून थेट जेएसएफचे पान उघडते. मग 'फेसेसकॉन्टेक्स्ट सापडत नाही' अशी चूक येते. ती चाचणीतच कळते, म्हणून परवडते.

दुसरा : जुन्या भागातील शेवटची पायरी काम संपले म्हणून पूर्ण सेशन पुसते. त्याच सेशनवर दुसऱ्या टॅबमध्ये उघडलेला जेएसएफचा अर्ज मग निराधार होतो.

तिसरा : जेएसएफची मोजारा ही अंमलबजावणी बदल न केल्यास मर्यादित, म्हणजे १५ व्ह्यूच जपून ठेवते. मागे-पुढे करत ही मर्यादा ओलांडली, की सेशन जिवंत असूनही जुने पान 'कालबाह्य' ठरते.

चौथा सर्वांत घातक. मोबाइल क्रमांक जेएसएफच्या पानावर बदलला, पण सेशनमधील ॲक्शनफॉर्ममध्ये जुनाच राहिला. पुढचे स्ट्रट्सचे पान तो जुना क्रमांक जतन करते. चूक कुठेच दिसत नाही, पण अर्ज चुकीचा जातो.

मुदत वाढवून भागत नाही का?

बहुतेक ठिकाणी सेशनची वेळ वाढवली जाते. त्याने सर्व्हरच्या मेमरीवर भार पडतो आणि माहितीच्या दोन प्रती दोनच राहतात. दुसरा उपाय म्हणजे स्टेट सर्व्हरऐवजी पानातच पाठवणे. त्याने 'कालबाह्य'ची तक्रार कमी होते, पण पान जड होते आणि मोबाइल डेटा जास्त लागतो. शिवाय ही स्टेट कूटबद्ध नसेल, तर तिच्यात फेरफार करून सर्व्हरवरच हल्ला होऊ शकतो.

मग करायचे काय?

आधी निदान. प्रत्येक विनंतीसोबत सेशनचा क्रमांक, व्ह्यूस्टेट आणि विनंती कोणत्या सर्व्हलेटने हाताळली, या तीन गोष्टींची नोंद हवी. मध्येच क्रमांक बदलला, तर सेशन तुटले. क्रमांक तोच, पण व्ह्यू सापडत नाही, तर मर्यादा ओलांडली. दोन्ही ठीक, पण मजकूर जुना, तर प्रती दोन आहेत.

त्यानंतर एक नियम कसोशीने पाळावा : प्रत्येक माहितीला मालक एकच. एक अर्ज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच फ्रेमवर्कमध्ये असावा. हद्द ओलांडावीच लागली, तर फक्त अर्ज क्रमांक पुढे जावा. बाकी मजकूर पायरीगणिक डेटाबेसमध्ये जतन व्हावा आणि पुढच्या पानाने तो तिथूनच वाचावा.

यावर आक्षेप येतो तो वेळ आणि खर्चाचा. नवे पान लवकर दाखवायचे असते आणि स्टेटची आखणी कुणाला दिसत नाही. पण तिथे वाचवलेले पैसे अखेर अर्जदाराच्या खिशातून जातात. शेवटच्या तारखेला रात्री अर्ज अडकला, तर कधी त्याचे वर्ष वाया जाते. म्हणून प्रणाली बदलण्याच्या करारातच कोणती माहिती कोणाच्या ताब्यात, याचा तक्ता मागितला पाहिजे. तो तयार नसेल, तर नवे पान सुरू करण्याची घाई करू नये.