मळ्याला कायदा, हॉटेलाला मोकळीक

मागच्या आठवड्यात चिखलदऱ्याला मुक्काम होता. पहाटे चहासाठी खाली उतरलो, तर जेवणाच्या हॉलमध्ये टेबलं भिंतीला लावलेली आणि फरशीवर पाच पोरं झोपलेली. चहा देणाऱ्या पोराला विचारलं. "गिऱ्हाईक जेवून गेलं का टेबलं सरकवतो अन् तेथीसाच आंग टाकतो," तो म्हणाला. गाव घाटाखाली, जंगलात. पंधरा दिवसांतून एकदा घरी जातो. माझ्या खोलीचं एका रात्रीचं भाडं त्याच्या आठवड्याच्या मजुरीएवढं होतं, आणि तो चहा मला गोड लागला नाही.

स्कायवॉक ४०७ मीटरचा, हे इथलं शाळकरी पोरही सांगतं. पण हॉटेलांत राबणारी माणसं रात्री कुठे पाठ टेकतात, हे कुणी मोजत नाही.

आता कॉफीकडे या. विदर्भात कॉफी पिकते ती इथेच, आणि तिचं कौतुक आपण पाहुण्यांना नेहमी सांगतो. एक गोष्ट मात्र सांगत नाही. १९५१ च्या मळे कामगार कायद्याने कॉफीच्या मळेवाल्यावर मजुराला आणि त्याच्या कुटुंबाला घर देण्याची सक्ती केली. १९८१ च्या दुरुस्तीनंतर ५ हेक्टरांचा आणि १५ मजुरांचा मळाही तिच्या कक्षेत आला. एवढंच नाही, मालकाने दिलेलं घर कोसळून कुणी दगावलं, आणि त्याचं कारण निव्वळ राहणाऱ्याची चूक किंवा नैसर्गिक आपत्ती नसेल, तर भरपाईही मालकानेच द्यायची. २०२० च्या कामगार संहितेतही मळेवाल्यावरची घराची जबाबदारी कायम आहे. हा कायदा दयेपोटी झालेला नाही. माणसाला डोंगरावर कामाला नेलं, तिथे त्याला भाड्याने खोली मिळत नाही, मग त्याच्या निवाऱ्याची सोय नेणाऱ्यानेच करावी, असा तो साधा हिशेब आहे.

हाच हिशेब चिखलदऱ्याच्या हॉटेलाला जसाच्या तसा लागू पडतो. चहूकडे व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, माथ्यावर जागा मोजकी, हंगामात स्वस्त खोली मिळणं मुश्कील. तरीही कॉफी पिकवणाऱ्याला जी सक्ती, ती कॉफी कपात ओतून विकणाऱ्याला नाही. पंधरा माणसं कामाला ठेवणारं हॉटेल त्या पंधरांच्या झोपेला बांधील नाही. मला हे सरळसरळ अन्यायाचं वाटतं.

सरकारचं घरकुल आहे की, असं कुणी म्हणेल. आहे. केंद्राच्या योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार मिळतात, पण ते घर गावातल्या जागेवर होतं. काम माथ्यावर अन् घरकुल खाली. आणि ते खालचं घरकुल उभं राहतं त्यात घाटाखालच्या परतवाड्याच्या दुकानदारांचा वाटा मोठा आहे, हे मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. पुढचा हप्ता जोत्याची पाहणी झाल्यावर येतो. तोवर सळाख-सिमेंट उधारीवर देणारा कुणी नसता, तर कितीतरी जोती पावसात तशीच पडून राहिली असती. धंदा सांभाळून माणसाच्या घराला हात देता येतो, हे घाटाखालच्या दुकानदाराला कळतं. मग घाटावर ते का कळू नये?

माथ्यावर जागा का उरली नाही, हे विचारताना कुलूपबंद बंगल्यांचा विषय मी पुन्हा काढणारच. वर्षातून दहा दिवस उघडणाऱ्या या बंगल्यांनी माथ्यावरची जमीन गरिबाच्या हातून काढून घेतली, हे मी आधीही लिहिलं, वाचकांची रागावलेली पत्रंही आली. माझं मत बदललेलं नाही.

मालकाने हॉटेलामागेच चाळ बांधावी, असं मात्र मी म्हणणार नाही. नोकरी गेली की छप्पर गेलं, ही भीती माणसाला मुकं करते. मुन्नारच्या चहामळ्यांत कंपनीच्या एकेका खोलीत पिढ्या गेल्या. २०१५ साली तिथल्या बाया रस्त्यावर उतरल्या तेव्हा मजुरी-बोनसबरोबर त्या खोल्यांचंही दुःख बाहेर आलं. २०२० च्या ऑगस्टमध्ये मुन्नारजवळच्या पेट्टीमुडीला दरड कोसळली आणि मजुरांच्या अशाच चाळी झोपलेल्या माणसांसकट गाडल्या गेल्या. म्हणून खोल्या नगरपरिषदेच्या हव्यात, भाडं कमी हवं, आणि नोकरी सुटली तरी खोली सुटू नये. पैसा हॉटेलांनी घालावा. भरलेल्या प्रत्येक खोलीमागे रात्रीला २० रुपये धरा. शंभर खोल्या वर्षात दीडशे रात्री भरल्या, तर ३ लाख होतात, म्हणजे दोन घरकुलांच्या अनुदानाहून अधिक. पाहुण्याच्या बिलात २० रुपये जाणवणारही नाहीत. जागेचं सिडकोने बघावं. चिखलदऱ्यासह शहापूर, आलाडोह, मोथा, लवादा यांचं नियोजन तिच्याकडेच आहे. आराखड्यात पर्यटकांसाठी जागा राखता येते, तशी कामगारांच्या खोल्यांसाठीही राखता येते.

हॉटेलमालकांनो, पावसाळी हंगामाच्या तयारीला बसाल तेव्हा हा विषय पहिला घ्या. आणि बसण्याआधी एकदा पहाटे पाच वाजता आपापल्या हॉलमध्ये जाऊन दिवा लावून पाहा.